धाकट्याचं हार्टचं ऑपरेशन आणि घरात दोन पोरं: आधी आणि नंतर घर कसं चालवायचं

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. धाकटा साडेतीन वर्षांचा, एएसडी आहे, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला होल, आणि खालच्या बाजूची कडा पुरेशी नाही म्हणून मांडीच्या शिरेतून छत्री, म्हणजे होल बंद करायचं छत्रीसारखं झाकण, बसवता येणार नाही, ओपन हार्टच करायचं ठरलंय, तारीख दसऱ्यानंतरची. मोठा सात वर्षांचा, दुसरीत. दिवसभर दोघांची मारामारी. तुम्ही विचारलंय की धाकट्याला ओरडलं तर चालतं का, मोठ्याला किती सांगायचं, आणि सासूबाई म्हणतायत पोरगं तर सोसायटीभर पळतंय, मग छाती कशाला उघडताय. मी पुण्यात लहान मुलांच्या हार्टच्या आयसीयूत बरीच वर्षं सिस्टर होते, आता ऑपरेशनच्या आधी आईवडलांशी बोलायचं काम जास्त असतं. ऑपरेशनबद्दल तुमचे सर्जन सांगतीलच, मी घराबद्दल सांगते, कारण त्याबद्दल कोणी सांगत नाही.

पहिलं, ओरडायचं का. हो, ओरडा. म्हणजे जेवढं मोठ्याला ओरडता तेवढंच. एएसडीच्या मुलात रक्त डावीकडून उजवीकडे जातं, फुफ्फुसाला जास्त रक्त जातं, पण अंगाला जाणारं रक्त लालच असतं, त्यामुळे तो रडला, हट्टानं जमिनीवर लोळला, तरी हृदयाला काही होत नाही. रडून रडून तोंड लाल होईल, बस. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचं बाळ टेट्रालॉजी ऑफ फॅलोचं, म्हणजे हृदयाच्या वेगळ्या जन्मजात आजाराचं असेल, रडताना ओठ-नखं निळी पडत असतील, तर मात्र वेगळं आहे हं, तिथे रडणं लांबलं तर स्पेल, म्हणजे एकदम जास्त निळं पडून श्वास लागण्याचा झटका, येऊ शकतो, अशा वेळी बाळाचे गुडघे छातीशी घेऊन धरायचं, शांत करायचं आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं. म्हणून एकीच्या मुलाचा सल्ला दुसरीनं उचलू नये, 'हार्टला होल' एवढ्या दोन शब्दांत दहा वेगवेगळे आजार बसतात. तुमच्या धाकट्याला नियम लावा. मोबाईल बंद म्हणजे बंद, मोठ्याला चावला तर कोपऱ्यात बसायचं. ऑपरेशन होईपर्यंत सगळं माफ केलं की काय होतं ते मी फार बघितलंय, ऑपरेशन मस्त होतं, जखम भरते, आणि घरात एक हुकूमशहा येऊन बसतो, ज्याला कळलंय की छातीला हात लावला की चॉकलेट मिळतं.

माझं म्हणणं एकच आहे, आजारी मुलाला राजा करू नका आणि मोठ्याला पाहुणा करू नका. बाकी जे काही पुढे लिहितेय ते सगळं याचंच आहे.

सासूबाईंचं आधी उरकते, कारण घरातल्या मोठ्या माणसाला पटलं नसेल तर पुढचे दोन महिने अवघड जातात. त्यांचा प्रश्न चुकीचा नाहीये. एएसडीची मुलं बहुतेक वेळा दिसायला ठणठणीतच असतात, जरा सर्दी-खोकला वारंवार, वजन थोडं कमी, एवढंच. छोटी होलं काही वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत आपोआप बंदही होतात, म्हणून तर डॉक्टर थांबतात आणि दर काही महिन्यांनी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. मोठं होल मात्र राहतं. मग उजवी बाजू जादा रक्तानं वर्षानुवर्षं फुगत जाते आणि त्रास सुरू होतो तो विशी-तिशीत, दम लागणं, ठोके अनियमित पडणं, फुफ्फुसातलं प्रेशर वाढणं. ते प्रेशर फार वाढलं तर मग होल बंद करायची वेळही निघून जाते. म्हणजे आत्ता पळतोय म्हणूनच आत्ता करायचं, पळणाऱ्या मुलाची रिकव्हरी चांगली होते. आणि त्यांना भीती वाटत असेल की हृदय थांबवतात, तर हो, थोडा वेळ थांबवतात, तेवढ्या वेळात हार्ट-लंग मशीन अंगाला रक्त पुरवतं, आणि होल शिवून किंवा पॅच लावून झाल्यावर हृदय परत सुरू होतं. पॅच बऱ्याचदा मुलाच्याच हृदयावरच्या आवरणाचा तुकडा असतो. त्यांना हेही सांगा की हे मशीन माणसावर पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं ते मे १९५३ मध्ये अमेरिकेत, डॉ. जॉन गिबन यांनी, एका अठरा वर्षांच्या मुलीवर, आणि तिचं ऑपरेशन हेच होतं, एएसडी. म्हणजे नवीन काहीतरी प्रयोग आपल्या नातवावर करतायत असं नाही. जमलं तर एकदा त्यांनाच ओपीडीला घेऊन या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरनं सांगितलेलं यात फरक असतो, तुम्हाला माहितीच आहे.

ग्रहणाचंही तुम्ही लिहिलंय, की 'ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून'. ताई, बाळाचं हृदय बनतं ते गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांत, बऱ्याच जणींना तर तोपर्यंत नीट कळलेलंही नसतं की दिवस गेलेत. बहुतेक मुलांमध्ये एक असं कारण सापडत नाही. साधारण शंभर बाळांमागे एकाला हृदयाचा काहीतरी जन्मजात दोष असतो, सगळ्या आयांनी ग्रहणात भाजी चिरली नव्हती. तुम्ही काही केलेलं नाही. यावर मी जास्त लिहीत नाही, पण ग्रहण हा विषय मुलांसमोर अजिबात नको, कारण मोठा ऐकतोय.

आता मोठा. तुम्ही त्याच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात, त्याही तक्रारीच्या, की हल्ली फार त्रास देतो, पोटात दुखतं म्हणतो, शाळेत जायचं नाही म्हणतो, परवा गादी ओली केली. ताई, हे त्रास देणं नाहीये. घरात काहीतरी मोठं चाललंय, आई फोनवर बोलता बोलता रडते, बाबा फाईल घेऊन फिरतात, मी खोलीत आलो की सगळे गप्प होतात, एवढं सात वर्षांच्या मुलाला पूर्ण कळतं, फक्त काय ते माहीत नसतं, मग तो स्वतःच बनवतो. आणि तो जे बनवतो ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. बऱ्याच भावंडांच्या डोक्यात बसलेलं असतं की मीच काहीतरी केलं. मी त्याला सोफ्यावरून ढकललं म्हणून होल पडलं. किंवा मी एकदा मनात म्हटलं होतं की हा नकोच होता. विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि कधी कधी विचारलं तरी येत नाही, म्हणून न विचारताच सांगून टाकायचं: 'हे होल तो तुझ्या आईच्या पोटात असतानापासून आहे, तू ढकलल्यानं, मारल्यानं, रागावल्यानं झालेलं नाही, आणि तुला त्याच्यापासून लागणारही नाही.' ही वाक्यं जशीच्या तशी म्हणा, दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी. शाळेतून आणताना स्कूटरवर म्हणा, मागे बसलेलं पोर तोंड दिसत नसल्यामुळे जास्त मोकळं बोलतं, माझा अनुभव आहे.

त्याला साधारण दोन आठवडे आधी खरं खरं सांगा. छाती उघडणार हे सांगा, टाके पडणार हे सांगा, किती दिवस हॉस्पिटल हे सांगा, आणि त्या दिवसांत त्याला कोण उठवणार, डबा कोण करणार, शाळेच्या व्हॅनपाशी कोण सोडणार हे तर आधी सांगा, त्याला खरी काळजी त्याची असते, आणि त्यात काही स्वार्थीपणा नाही. तो विचारेल, 'तो मरणार का?' विचारेलच. 'छे छे, असलं काही बोलायचं नाही' म्हणून तोंड दाबू नका. 'हे ऑपरेशन डॉक्टर खूप वेळा करतात, जवळजवळ सगळी मुलं बरी होऊन घरी जातात, आम्हालाही थोडी भीती वाटते पण आमचा डॉक्टरांवर विश्वास आहे', इतकं बास. त्याच्या क्लासटीचरला एक चिठ्ठी द्या, म्हणजे गृहपाठ राहिला तर त्या समजून घेतील.

धाकट्याला मात्र इतक्या आधी नको. साडेतीन वर्षांच्या मुलाला 'पुढच्या महिन्यात' म्हणजे काय ते कळत नाही, नुसती धाकधूक. दोन-तीन दिवस आधी, थोडक्यात. 'तुझ्या छातीत एक दुरुस्ती करायची आहे, डॉक्टर एक औषध देतील, त्यानं काहीच कळणार नाही, मग जाग येईल तेव्हा छातीला पट्टी असेल, थोडं दुखेल, दुखलं की सिस्टरला सांगायचं, त्या औषध देतील.' दुखणार नाही असं म्हणू नका. एकदा खोटं पकडलं की तो पुढचा प्रत्येक हात झिडकारतो, आणि ते आम्हाला निस्तरावं लागतं. आणि घरातल्या सगळ्यांना ताकीद द्या, 'जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील' हे वाक्य आजपासून बंद. आजोबांना सर्वात आधी सांगा, हे वाक्य बहुतेक आजोबांचंच असतं. खेळातला डॉक्टर सेट घ्या, तुळशीबागेत मिळतो, आणि दोघांना टेडीचं ऑपरेशन करू द्या. मोठा सर्जन आणि धाकटा असिस्टंट असं ठरेल, त्यावरूनही भांडतील, भांडू द्या.

सर्दीबद्दल जरा लांबण लावते, कारण तारीख पुढे जाण्याचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच. पुण्यात पावसाळा संपता संपता घराघरात नाकं वाहत असतात, आणि धाकट्याला सर्दी देणारा बहुतेक वेळा शाळेतला मोठाच असतो. म्हणून काही जण मोठ्याला महिनाभर शाळेतून काढतात किंवा मामाकडे सांगलीला पाठवून देतात. मला ते अजिबात पटत नाही, त्याला शिक्षा कसली? शाळा चालू ठेवा, घरी आला की कपडे बदल, हात-तोंड धू, मग भावाकडे जा, एवढा नियम करा, शेवटचे दहा दिवस वाढदिवसाच्या पार्ट्या, मॉल, देवीच्या गर्दीच्या रांगा बंद, दोघांसाठी बंद. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी घ्यायची का ते डॉक्टरांना आत्ताच विचारा, लसीचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात. मोठ्याला सर्दी झालीच तर तो आजीजवळ झोपेल, मास्क लावेल, सात वर्षांचं मूल लावतं मास्क. आणि धाकट्याला झाली तर, ताई, लपवू नका. लपवतात हो लोकं. सुट्ट्या टाकलेल्या असतात, पैशांची सोय केलेली असते, आणि वाटतं क्रोसिन पाजून नेऊ, कळणार नाही. मशीनवर गेल्यावर फुफ्फुसाला तशीही थोडी सूज येते, त्यात व्हायरस असेल तर मूल व्हेंटिलेटरवरून लवकर निघत नाही, जिथे काही तासांचं काम असतं तिथे दिवस जातात. एएसडीच्या ऑपरेशनला अशी घाई नसते, तीन-चार आठवडे पुढे गेलं तर काही बिघडत नाही. वाहतं नाक, खोकला, ताप, जुलाब, अंगावर फोड, काहीही असलं की हॉस्पिटलच्या को-ऑर्डिनेटरला फोन.

त्याबरोबर दोन गोष्टी, दात आणि रक्त. किडका दात असेल तर ऑपरेशनच्या आधी दाखवून घ्या, तोंडातले जंतू रक्तातून हृदयात पॅचवर जाऊन बसू शकतात, म्हणून पॅच लावल्यावर पुढचे सहा महिने दाताचं काही करायचं असलं की आधी अँटिबायोटिक लागतं, डेंटिस्टला सांगायला विसरायचं नाही. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर आयर्न आत्तापासून सुरू होईल, ते दुधाबरोबर देऊ नका, लिंबू सरबताबरोबर द्या.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवायची वेळ भूलतज्ज्ञ सांगतात, साधारण दूध आणि जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण तुम्हाला जी वेळ लिहून दिली असेल तीच पाळा, आजीनं 'एक बिस्किट खाल्लं तर काय होतंय' असं करायचं नाही, भुलेत उलटी होऊन फुफ्फुसात गेली तर फार महागात पडतं. हातातला काळा दोरा, कमरेची साखळी, गंडा, घरीच काढून ठेवा, नाहीतर आम्हाला कापावा लागतो आणि मग घरच्यांना वाईट वाटतं. अंगारा कपाळाला लावा हवं तर, आमची ना नाही, पण नंतर जखमेवर अंगारा, हळद, नारळाचं तेल काही म्हणजे काही नाही.

आत गेल्यावर तीन-चार तास तरी बाहेर बसावं लागेल, त्यातला भूल द्यायचा आणि नळ्या लावायचा वेळ बराच असतो, तेव्हा एक तास झाला तरी कोणी बाहेर आलं नाही म्हणून जीव टांगू नका. आयसीयूत पहिल्यांदा बघाल तेव्हा तोंडात व्हेंटिलेटरची नळी, मानेत आणि मनगटात लाइन, छातीतून एक-दोन ड्रेन, म्हणजे आतलं रक्त-पाणी बाहेर काढायच्या नळ्या, लघवीची नळी, आणि सगळ्या मशिनी वाजत असतात. मी नातेवाइकांना सांगते, मॉनिटरकडे नाही, मुलाकडे बघा, मॉनिटरकडे बघायला आम्ही आहोत. एएसडीत सगळं सुरळीत असेल तर व्हेंटिलेटर बहुतेक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निघतो, ड्रेन एक-दोन दिवसांत, आणि आठवड्याच्या आसपास घरी. एक गोष्ट तुम्हाला आधी सांगून ठेवते म्हणजे लागणार नाही: शुद्धीवर आल्यावर तो तुमच्याशी बोलणार नाही कदाचित. मान फिरवेल. सिस्टरकडून पाणी पिईल आणि तुमच्याकडून पिणार नाही. त्याचा राग असतो, की तू मला इथे सोडलंस, आणि राग काढायला सगळ्यात सुरक्षित माणूस आईच. दोन-तीन दिवसांत जातं.

या आठवड्यात मोठा कुठे? आपल्या घरी, आपल्या गादीवर. आजीआजोबा तुमच्याकडे येऊन राहू देत, तो त्यांच्याकडे जायला नको. आणि तुम्ही दोघंही पूर्ण वेळ हॉस्पिटलात नको. वॉर्डात आल्यावर एकाआड एक रात्र आई घरी, असं करा, तुम्हाला वाटेल धाकट्याला सोडून कसं जाऊ, पण बाबांना जमतं सगळं, आम्ही शिकवतो. धायरीहून रोज येणं-जाणं त्या सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये जीवघेणं आहे हे मान्य, तरी एक संध्याकाळ मोठ्याबरोबर बसून त्याची स्पेलिंगं घ्या, ती संध्याकाळ त्याच्या लक्षात राहते. आयसीयूत लहान मुलांना सहसा सोडत नाहीत. तोंडातली नळी निघाली की व्हिडिओ कॉल लावा, पण आधी मोठ्याला सांगा की भावाचा आवाज बसलेला असेल, नळीमुळे बसतो, आणि तो चिडचिडा असेल.

आता घरी आल्यावरचे सहा ते आठ आठवडे. छातीचं मधलं हाड कापून परत जोडलेलं असतं, ते भरायला एवढा वेळ लागतो. त्याला काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठीमागे, असं घमेल्यासारखं उचलायचं, आणि हे घरी येणाऱ्या प्रत्येक काका-मामाला दाखवायचं कारण ते आल्या आल्या काखेतून उचलून हवेत उडवतात. हाताला धरून ओढायचं नाही. सायकल, झोपाळा, घसरगुंडी, पलंगावर उड्या बंद. अॅक्टिव्हावर पुढे उभं करून नेणं पूर्ण बंद, एक जोराचा ब्रेक आणि छाती हँडलवर. रिक्षासुद्धा खड्ड्यांतून दणके देते, तपासणीला जाताना कॅब करा, मागे बसवा, पट्टा लावा आणि पट्टा आणि छातीच्या मध्ये छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवा. कपडे पुढून बटणाचे, डोक्यातून घालायचे टीशर्ट काही दिवस कपाटात.

आणि मारामारी? दोन मुलगे आहेत, होणारच. नुसतं 'त्याला हात लावू नकोस' म्हणून सांगितलंत तर मोठा दोन दिवस पाळेल, तिसऱ्या दिवशी चिडेल, कारण धाकटा आता मुद्दाम येऊन चिमटे काढणार आणि पळून जाणार, त्याला कळलंय की भाऊ मारू शकत नाही. म्हणून नियम दोघांना: सहा आठवडे कोणीच कोणाला हात लावायचा नाही, भांडायचं तर तोंडानं. धाकट्यानं चिमटा काढला तर त्यालाही तीच शिक्षा. झोपायला गाद्या खाली जमिनीवर, मध्ये तुमच्यापैकी एक जण. बसून खेळायचं काढून ठेवा, सापशिडी, ठोकळे, पत्ते, मटार सोलायला द्या, लाडू वळायला द्या.

तुमचं नेमकं दिवाळीत येतंय, ते एका अर्थी बरंच आहे. किल्ला करा. माती कालवणं, दगड उचलणं मोठ्याचं आणि बाबांचं, जखम पूर्ण भरेपर्यंत धाकट्यानं मातीत हात घालायचा नाही, पण कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे कुठे उभे करायचे, महाराज कुठे बसवायचे, हे खुर्चीत बसून तो ठरवेल. मोठ्याला खरं काम मिळतं आणि धाकट्याला मान, आणि दोघं एका जागी तास-दोन तास बसतात. फटाक्यांच्या धुरात मात्र नको, त्या संध्याकाळी खिडक्या लावून घ्या. फराळाचं डॉक्टरांना विचारा, लघवी होण्याचं औषध चालू असेल तर मीठ आणि पाण्याचं काही दिवस बंधन असतं, आणि चिवडा-चकली म्हणजे मीठच.

भेटायला येणारे, हा पुण्यातसुद्धा प्रश्न आहे, आपण स्वतःला कितीही शिस्तीचे म्हणवून घेतलं तरी. मोठ्याला दारावर लावायला पाटी लिहायला सांगा. एका घरी मुलानं लिहिलेली मला अजून आठवते, 'सर्दी असणाऱ्यांनी फोन करावा. सर्दी नसणाऱ्यांनी आधी फोन करावा.' आणि नातेवाइकांना स्पष्ट सांगा, खेळणं आणायचं तर दोघांना, नाहीतर कोणालाच नाही. धाकट्यापुढे खेळण्यांचा ढीग आणि मोठ्याला 'तू शहाणा आहेस ना?', यासारखं पोराला तोडणारं दुसरं काही नाही.

आता कृपा करून हे नीट वाचा, कारण घरी हेच निसटतं. एएसडीच्या ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात मूल छान असतं, हसतं-खेळतं, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही मुलांच्या हृदयाभोवती पाणी जमतं. लक्षणं साधी दिसतात: मूल मलूल, खात नाही, उलट्या, पोट दुखतं, बारीक ताप, आडवं झोपायला नको म्हणतं, श्वास भरभर. घरचे म्हणतात दिवाळीचं खाल्लं म्हणून पोट बिघडलं. ओवा देत बसू नका, त्याच दिवशी फोन करा, एको करून पाच मिनिटांत कळतं, आणि वेळेत कळलं तर बहुतेकदा औषधांवर भागतं. याशिवाय १००.४ च्या वर ताप, जखम लाल होणं, चिघळणं, पू किंवा पाणी येणं, छातीच्या हाडातून कटकट आवाज, चक्कर, यांसाठी थांबायचं नाही. मनानं ब्रुफेन वगैरे द्यायचं नाही, जे लिहून दिलंय तेच. रात्री दचकून उठणं, अंथरूण ओलं करणं, सतत चिकटून राहणं, हे मात्र दोघांमध्येही काही आठवडे चालतं, त्याला औषध नाही, वेळ लागतो.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही तरी थोडक्यात. ऑफिसच्या पॉलिसीत 'इंटर्नल कंजेनिटल', म्हणजे शरीराच्या आतले जन्मजात दोष, कव्हर आहेत का ते शब्द बघून एचआरकडून लेखी घ्या, बाहेरून दिसणाऱ्या व्यंगांचा नियम वेगळा असतो. पॉलिसी नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, अंगणवाडी किंवा शाळेच्या तपासणीतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची हृदयाची ऑपरेशनं होतात, धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवावे लागतात, आणि खारघरला सत्य साई संजीवनीमध्ये मुलांची हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात. कागद आधीच गोळा करा, आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, सगळे एको रिपोर्ट तारखेनुसार, लसीकरणाचं कार्ड. लसींवरून आठवलं, ऑपरेशनमध्ये रक्त किंवा प्लाझ्मा दिला गेला तर एमएमआर आणि कांजिण्यांसारख्या लसी सहा-सात महिने पुढे ढकलतात, तेव्हा काय काय दिलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

मोठ्याचं हृदय तपासायचं का, हेही तुम्हाला वाटून गेलं असेल. भावंडात असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, म्हणजे कमीच, पण फॉलोअपला दोघांना घेऊन आलात तर डॉक्टर त्याचीही छाती ऐकतील, आणि गरज वाटली तर एको करतील. तो खूश होतो, त्याचंही कोणीतरी तपासलं म्हणून.

झोपेचं, ताई, तुम्हाला पुढचे दोन महिने झोप कमीच मिळणार आहे, तेव्हा आत्ता जी मिळतेय ती गूगलवर घालवू नका. रात्री दहानंतर एएसडी हा शब्द सर्च करायचा नाही. जे प्रश्न डोक्यात येतात ते एका वहीत लिहा आणि सर्जनसमोर वही उघडून वाचा, तुम्ही ऑफिसला जाता तशीच कामाची वही, त्यांना राग येत नाही. महिनाभर नंतरही रडू थांबत नसेल, छातीत धडधडत असेल, तर हॉस्पिटलातल्या काउन्सेलरकडे स्वतःसाठी वेळ घ्या.

धाकट्याची बालवाडी साधारण चार-सहा आठवड्यांनी, एको बघून सुरू होते, मैदानी खेळ तीन महिन्यांच्या आसपास, आणि त्यानंतर बहुतेक एएसडीच्या मुलांना कसलंच बंधन राहत नाही, क्रिकेट, पोहणं, सिंहगड चढणं सगळं. बालवाडीच्या बाईंना चिठ्ठी देताना त्यावर बंधन कधी संपतं ती तारीखही डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाहीतर पहिलीत गेल्यावरसुद्धा पीटीच्या तासाला त्याला बाकावर बसवून ठेवतात.